शिवडा आणि आफ्रिकन मांगूर : दोन मोठ्या शिकारी माशांची तुलना

मागच्या आठवड्यात वर्गात अनुकूलनाचा पाठ चालू होता. मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, असं मी फळ्यावर लिहिलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"बाई, आमच्या घाटावरचं पाणी उन्हाळ्यात काळं होतं, वास येतो. पप्पा म्हणतात तिथे मासाच राहू शकत नाही. मग मध्येच काहीतरी वर येतं, तोंड उघडतं आणि बुडुक करून खाली जातं, ते काय असतं?"

हा मुलगा चिंचवडगावात राहतो. घाट म्हणजे मोरया गोसावी मंदिराजवळचा पवनेचा घाट. प्रश्न इतका नेमका होता की तास संपला तरी त्यावरची चर्चा संपली नाही. पुस्तकातलं एक वाक्य आणि डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट यांचा मेळ बसत नव्हता. विज्ञान असंच सुरू होतं.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आज आपण दोन माशांची तुलना करू. दोघेही मोठे, दोघेही शिकारी, दोघांनाही मिशा. एक आपल्या नद्यांचा जुना रहिवासी, तर दुसरा गेल्या तीसेक वर्षांत आलेला. तुलना करताना एक गोष्ट मनात धरून चला : कोणत्या नदीत कोणता शिकारी टिकतो, यावरून ती नदी कशी आहे ते कळतं.

दोघांची ओळख

पहिला मासा शिवडा. त्याचं शास्त्रीय नाव वॅलागो अट्टू. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत तो सापडतो. आपल्याकडे भीमेत आणि उजनीच्या जलाशयात तो मिळतो. त्याची जास्तीत जास्त लांबी २४० सेंटीमीटरपर्यंत नोंदवलेली आहे, म्हणजे वर्गाच्या दारापेक्षाही लांब! अर्थात एवढा मोठा शिवडा आता दुर्मीळच. साधारण हाताला लागतो तो मीटरभराच्या आतबाहेरचा.

दुसरा मासा आफ्रिकन मांगूर. बाजारात त्याला थाई मांगूर किंवा नुसतंच मांगूर म्हणतात. थाई म्हटलं तरी मूळचा तो आफ्रिकेचा. शास्त्रीय नाव क्लॅरियस गॅरिपायनस. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीचं जुनं स्थानिक नाव गॅरिप, त्यावरून हे नाव पडलं. हा १७० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि त्याचं वजन ६० किलोपर्यंत नोंदवलं गेलं आहे.

दोघेही मार्जारमीन, म्हणजे ज्यांना कॅटफिश म्हणतात त्या गटातले. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा. या मिशा शोभेच्या नाहीत. गढूळ पाण्यात किंवा रात्रीच्या अंधारात डोळ्यांचा उपयोग कमी, तेव्हा स्पर्श आणि चव या मिशांनीच कळते. गट एक असला तरी दोघांची कुळं मात्र वेगळी आहेत.

शरीर पाहून ओळखा

मासा समोर आला तर चार गोष्टी तपासा.

१. पाठीवरचा पर. शिवड्याच्या पाठीवर एकच छोटासा पर असतो, बोटभर झेंड्यासारखा. मांगूरचा पाठीवरचा पर डोक्याच्या मागे सुरू होतो आणि थेट शेपटीजवळ संपतो. लांबून ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

२. शेपूट. शिवड्याची शेपटी दुभंगलेली, दोन टोकांची. मांगूरची गोलसर, पंख्यासारखी.

३. मिशा. शिवड्याला दोन जोड्या, म्हणजे चार मिशा. त्यातल्या वरच्या दोन खूप लांब. मांगूरला चार जोड्या, म्हणजे आठ.

४. तोंड आणि डोकं. शिवड्याचं शरीर दोन्ही बाजूंनी चपटं, रंग रुपेरी करडा, आणि तोंडाची फट डोळ्याच्याही मागे जाते. जबड्यात बारीक, टोकदार, आतल्या बाजूला वळलेल्या दातांच्या ओळी असतात. एकदा आत गेलेली मासळी निसटत नाही. मांगूरचं डोकं वरून चपटं, हाडांच्या कवचासारखं टणक. अंग काळपट, पोट पांढरट.

शिवड्याला इंग्रजीत गोड्या पाण्यातला शार्क म्हणतात, ते त्याच्या या तोंडामुळे. खऱ्या शार्कशी त्याचं जवळचं नातं मात्र काहीच नाही. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, शिवड्याचा हाडांचा. परीक्षेत हा फरक विचारला जातो, लक्षात ठेवा.

शिकार कशी करतात?

शिवडा दबा धरून बसणारा. दिवसा काठाखालच्या कपारीत, खोल डोहात पडून राहतो. अंधार पडला की बाहेर येतो आणि मासे, कोळंबी, इतर जलचर गट्ट करतो. त्याचं पोट मुख्यतः जिवंत शिकारीवर भरतं. म्हणजे शिवडा जगायचा तर नदीत लहान मासे भरपूर हवेत. लहान मासे जगायचे तर किडे आणि शेवाळ हवं. अन्नाच्या मनोऱ्याचा हा सगळ्यात वरचा दगड. खालचा एखादा थर ढासळला की पहिला धक्का वरच्यालाच बसतो.

मांगूरही शिकारी आहे, पण नुसता शिकारी नाही. मासे, बेडूक, किडे, गोगलगाई, पाण्यात पडलेलं पाखरू, मेलेलं जनावर, सडकं अन्न, वनस्पतींचे भाग, त्याला काहीही चालतं. आफ्रिकेत, बोत्स्वानामधल्या ओकावांगोच्या पाण्यात, हे मासे दरवर्षी मोठ्या टोळ्यांनी शिकार करतात. ते दृश्य पाहायला मुद्दाम लोक जातात. तिथे त्यांच्यावर ताव मारणाऱ्या मगरी आणि मोठे पक्षीही आहेत. स्वतःच्या घरात हा मासा खलनायक नाही, हे आधी समजून घ्या.

मग आपल्याकडे अडचण काय? एक उदाहरण देते. वाघ आणि गावाच्या कडेला राहणारी भटकी कुत्री, दोघेही शिकार करू शकतात. रानातली हरणं कमी झाली की वाघही कमी होतात, त्यामुळे उरलेल्या हरणांना सावरायला उसंत मिळते. कुत्र्यांचं तसं नाही. हरणं कमी झाली तरी कचराकुंडी असते. त्यांची संख्या टिकून राहते आणि उरलेल्या हरणांच्या मागेही ती लागतात. शिवडा वाघासारखा आणि मांगूर कचऱ्यावर जगू शकणाऱ्या त्या कुत्र्यांसारखा. शिकार संपली म्हणून मांगूर संपत नाही, त्यामुळे शेवटचा लहान मासाही सुरक्षित राहत नाही.

खरा फरक श्वासात

आता वर्गातल्या प्रश्नाकडे येऊ. आधी थोडं गणित.

२५ अंश सेल्सिअस तापमानाच्या १ लिटर स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. १ लिटर हवेत किती? हवेत ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्के, म्हणजे लिटरमागे सुमारे २७५ मिलिग्रॅम. भागाकार करून बघा. पाण्यापेक्षा हवेत ऑक्सिजन तीस पटींहून जास्त आहे! म्हणजे मासा मुळातच काटकसरीत जगत असतो.

या ८ मिलिग्रॅममध्ये आपण वाटेकरी आणतो. सांडपाणी नदीत आलं की त्यातली घाण कुजवणारे जीवाणू वाढतात आणि तेही ऑक्सिजन वापरतात. उन्हाळ्यात पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. वरून जलपर्णीची हिरवी चादर पसरली की पाण्याला हवा लागणं कमी होतं, आणि खालच्या शेवाळाला ऊन मिळत नाही. ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागला की बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो. २ च्या खाली गेला की मरणाची वेळ येते. पवनेत, इंद्रायणीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. अशा वेळी अनेकदा विष नाही, तर गुदमरणं हे कारण असतं.

शिवड्याकडे फक्त कल्ले आहेत. पाण्यात ऑक्सिजन नाही म्हणजे शिवड्यासाठी सगळंच संपलं.

मांगूरकडे कल्ले तर आहेतच, शिवाय कल्ल्यांच्या वर एक जादा अवयव आहे. झाडाच्या फांद्यांसारखा दिसणारा, लाल, रक्तवाहिन्यांनी भरलेला. मांगूर पाण्यावर येतो, हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. या अवयवातून हवेतला ऑक्सिजन थेट रक्तात मिसळतो. म्हणूनच तो चिखलात तग धरतो, आणि अंग ओलं राहिलं तर पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो. पावसाळी रात्री अंगाला हेलकावे देत, छातीच्या परांवरच्या काट्यांचा आधार घेत, तो एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात सरकतो.

म्हणजे पुस्तकातलं वाक्य चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, पण काही मासे हवाही घेतात.

इथे एक सावधगिरी. हवा घेणारा प्रत्येक मासा परदेशी नसतो. आपला देशी मांगूर आणि मरळ हेही हवा घेतात. नुसत्या एका बुडबुड्यावरून माशाची जात सांगता येत नाही. पण एवढं नक्की सांगता येतं : मासा वर येऊन एक घोट घेऊन लगेच खाली जात असेल, तर तो हवा घेणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता जास्त. बरेच मासे एकदम पृष्ठभागाशी तोंड लावून, तिथेच राहून, सतत उघडझाप करत असतील, तर ते कल्लेवाले मासे गुदमरत आहेत. वरच्या पातळ थरात उरलासुरला ऑक्सिजन असतो, तो ते ओढत असतात. हे दुसरं दृश्य दिसलं तर तो खेळ नाही, ती धोक्याची घंटा आहे.

आपल्या नदीची गोष्ट

पवना सह्याद्रीत उगम पावते. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येतं आणि रावेतच्या बंधाऱ्याजवळ आपल्या शहरासाठी उचललं जातं. तुमच्या घरच्या नळाचं पाणी ते हेच. रावेतच्या पुढे शहराचे नाले नदीला मिळू लागतात. मग चिंचवड, पिंपरी, दापोडी. दापोडीला पवना मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीला. आपण इथे जे नदीत सोडतो ते सोलापूरच्या वाटेला लागतं.

या नद्या एकेकाळी मोठ्या माशांच्या होत्या. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची जी वर्णनं प्रसिद्ध केली, त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला खुद्री जातीचा माहसीर मासाही होता. आजही जगभरचे अभ्यासक या माशाचं मूळ ठिकाण सांगताना आपल्याच नदीचं नाव घेतात.

शिवडा आता जगाच्या लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे. बेसुमार मासेमारी, प्रदूषण आणि नदीपात्रातले बदल ही त्याची कारणं. आणि ज्या पाण्यातून शिवडा निघून जातो, त्याच पाण्यात मांगूर आरामात राहू शकतो. मांगूरने शिवड्याला हाकललं असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. पुष्कळदा आधी आपण नदी शिवड्याला नकोशी केली. मांगूरला जागा त्यानंतर मिळाली.

बंदी आहे, तरी बाजारात कसा?

१९९० च्या दशकात हा मासा परवानगीशिवाय भारतात आला. झपाट्याने वाढतो, दाटीवाटीत राहतो, काहीही खातो, म्हणून तळी करणाऱ्यांना तो फायद्याचा वाटला. २००० साली केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हे साठे नष्ट करण्याचे आदेश दिले. त्यानंतर आपल्याच पुणे जिल्ह्यात, उजनीकाठच्या इंदापूर तालुक्यात, मत्स्यव्यवसाय विभागाने अशा साठ्यांवर कारवाई केली.

बंदीची कारणं दोन. पहिलं म्हणजे पुराच्या पाण्यात तळी फुटली की हा मासा नदीत जातो. गंगा, यमुना, गोदावरी अशा नद्यांत तो पोचलेला आहे. एकदा नदीत गेला की परत गोळा करता येत नाही. दुसरं, बेकायदा तळ्यांत त्याला कत्तलखान्यातली घाण, सडकं मांस खाऊ घातल्याचं अनेक ठिकाणी आढळलं. अशा पाण्यातले आणि खाद्यातले घातक घटक माशाच्या अंगात साठू शकतात.

हे सांगत असताना वर्गातली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमच्याकडे बहुतेक रविवारी तोच असतो. स्वस्त पडतो." वर्ग हसला. मी हसू दिलं नाही. कारण दोन वर्षांपूर्वी मीही एका बाजारातून 'देशी मांगूर' म्हणून सांगितलेला मासा घरी आणला होता. टबात वळवळत होता, म्हणून ताजा वाटला. घरी डोकं नीट बघितलं तेव्हा कळलं. पगाराच्या हिशोबात घर चालवणारे आईवडील स्वस्त आणि जिवंत मासा घेतात, यात त्यांची काय चूक? आपण ओळख शिकायची आणि घरी जाऊन न दुखावता सांगायची.

ओळख अशी. देशी मांगूर लहान असतो, अर्ध्या किलोच्या वर क्वचितच जातो. एक-दोन किलोचा धष्टपुष्ट 'देशी' मांगूर दिसला तर शंका घ्या. डोक्याच्या मागची हाडाची कड बघा. आफ्रिकन मांगूरमध्ये ती इंग्रजी एम अक्षरासारखी दुहेरी बाकाची असते, देशीमध्ये व्ही सारखी एकाच टोकाची. आणि जिवंत म्हणजे चांगला, हे डोक्यातून काढा. हा मासा जिवंत राहतो तो हवा घेतो म्हणून. तो कोणत्या पाण्यातून आला, ते त्याच्या वळवळण्यावरून कळत नाही. त्याऐवजी रोहू, कटला, मृगळ घेता येतात. सुका बोंबील आणि जवळा तर आहेतच.

थोडक्यात तुलना

शिवडा : चार मिशा, पाठीवर छोटा पर, दुभंगलेली शेपूट, फक्त कल्ले, मुख्यतः जिवंत शिकार, आपल्याच नद्यांचा, संख्या घटती.

आफ्रिकन मांगूर : आठ मिशा, पाठभर लांब पर, गोल शेपूट, कल्ले आणि हवा घेणारा अवयव, काहीही खाणारा, परदेशी, पालनावर बंदी.

साम्य : दोघेही मार्जारमीन, दोघांनाही खवले नाहीत, दोघेही मोठे आणि मुख्यतः रात्री फिरणारे शिकारी.

करून पाहा

घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन घाटावर जा. पाण्यात उतरायचं नाही, वरच्या पायरीवर बसूनच बघायचं. घड्याळ लावून दहा मिनिटं पाहा. किती वेळा मासा वर आला? लगेच खाली गेला की तिथेच तोंड उघडत राहिला? पाण्याचा रंग, वास, जलपर्णी आहे की नाही, वहीत लिहा. शक्य असेल तर रावेतच्या वरच्या बाजूला कुठेतरी हेच पुन्हा करा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवा.

आणखी एक. घरातल्या फिशटँकमधला मासा मोठा झाला, म्हणून तो नदीत सोडू नका. पुण्य लागत नाही, उलट नदीला नवा पाहुणा मिळतो. कोणाच्या गळाला आफ्रिकन मांगूर लागला तर तो परत पाण्यात टाकू नये, मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावं.

स्वाध्याय

१. शिवडा नाहीसा होणं हे नदीच्या तब्येतीबद्दल काय सांगतं? तीन वाक्यांत लिहा.
२. पाण्यात ऑक्सिजन कमी असूनही मांगूर कसा जगतो? आकृती काढून दाखवा.
३. शिकार कमी झाल्यावर शिवडा आणि मांगूर यांच्या संख्येवर काय परिणाम होईल? कारण द्या.
४. 'जिवंत मासा म्हणजे चांगला मासा' हे विधान तपासा.
५. तुमच्या घरचं पाणी नदीतून कुठून येतं आणि वापरल्यावर कुठे जातं, याचा नकाशा काढा.

त्या मुलाने परवा वही आणून दाखवली. दहा मिनिटांत सात वेळा, दर वेळी वर येऊन लगेच खाली. पाणी काळं, वास आहे, जलपर्णी अर्ध्या पात्रावर. खाली त्याने स्वतःच एक ओळ लिहिली होती : "पप्पांचं अर्धं बरोबर आहे. मासा आहे, पण त्याला आपल्या नदीचं पाणी श्वासाला पुरत नाही." मी त्याखाली बरोबरची खूण केली. तुमच्या वह्यांची वाट बघते.